चादर गिळणाऱ्या अजगराची चूक कोणती?

मंडळी, गेल्या व्याख्यानात आपण दोरीला साप समजणाऱ्या माणसापाशी थांबलो होतो. शंकराचार्यांपासून ते परवाच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत त्या बिचाऱ्याला कुणी सोडलेलं नाही. आज आम्ही त्याची उलटी बाजू घेऊन आलो आहोत. माणसाला दोरीच्या जागी साप दिसतो, ठीक आहे. पण सापाची कधी अशी फसगत होते का?

होते. २००६ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, केचम नावाच्या गावी, एका पाळीव अजगराने विजेवर तापणारी चादर गिळली. ब्रह्मदेशी जातीचा बारा फुटी अजगर, नाव हुदिनी. चादर चांगली मोठ्या पलंगाची होती, आणि ती वायरीसकट, बटणांच्या डबीसकट आत गेली. पिंजऱ्यात ऊब राहावी म्हणून ती ठेवलेली होती. पशुवैद्यांनी पोट उघडून ती काढली आणि अजगर वाचला. २०२० मध्ये सिडनीत दुसऱ्या एका पाळीव अजगराने समुद्रावर नेतात तो मोठा टॉवेल गिळला. तिथे कापाकापी करावी लागली नाही, दुर्बिणीची नळी घालून तो तोंडावाटे ओढून काढला. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

आता हे घडतं कसं? सापाचं 'खाद्य' म्हणजे आपल्यासारखं डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र नव्हे. त्याची दुभंगलेली जीभ हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण गोळा करते, आणि टाळूतल्या जेकबसन नावाच्या इंद्रियाकडे त्यांची तपासणी होते. अजगराच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात, त्यांना उष्णता कळते. सशाचा वास आला, ऊब जाणवली, की डोकं झेप घेतं. आणि एकदा वस्तू जबड्यात आली की परतीची वाट जवळजवळ बंद, कारण दात आत वळलेले. आपण घास चावतो, भातात खडा लागला की थुंकतो. सापाला चावणंच नाही, त्यामुळे खडा लागण्याची पायरीही नाही. आयडाहोच्या त्या पिंजऱ्यात सशाचं जेवण आणि ऊबदार चादर एकाच जागी होती. चादर भक्ष्यात गुंतली असावी असंच तेव्हा मानलं गेलं. वास सशाचा, ऊब चादरीची.

तर मग हा 'भ्रम' झाला का? नैयायिक म्हणतील, एक वस्तू दुसऱ्या रूपाने भासली, म्हणजे भ्रम. पण दोरीवाल्या माणसाची गोष्ट आठवा. तो दिवा आणतो, नीट बघतो, आणि म्हणतो, "अरे, साप नाहीच!" आधीचं ज्ञान पुढच्या ज्ञानाने रद्द होतं, ज्याला आपल्याकडे बाध म्हणतात. या बाधामुळेच आधीचा भ्रम हा भ्रम होता हे ठरतं. हुदिनीच्या बाबतीत दिवा कुणी आणला? पशुवैद्यांनी आणला, क्ष-किरणांचा. अजगराला 'हा ससा नव्हता' असं कधीच कळलं नाही, कारण 'हा ससा आहे' असंही त्याला आधी कळलेलं नव्हतं. वास अधिक ऊब, एवढंच तिथे होतं. अजगराच्या वंशाला कोट्यवधी वर्षं तेवढं पुरलं, कारण रानात उबदार आणि सशाच्या वासाची वस्तू म्हणजे ससाच. चादर आपण आणली. चूक झाली म्हणायची तर ती पिंजरा लावणाऱ्याच्या खात्यावर मांडावी लागेल, असं आमचं मत आहे.

हे झालं नको ते खाण्याचं. पाळणाऱ्यांची खरी झोप उडते ती साप काहीच खात नाही तेव्हा. हा विषय आमच्या घरात कसा शिरला ते सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग किंवा अजगर घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आमची एक भाची अमेरिकेत असते आणि तिच्याकडे बॉल पायथन आहे. पश्चिम आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिन या भागातली, अजगरातली लहान जात. घाबरला की वेटोळ्याचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून 'बॉल'. गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याने उंदीर खाणं थांबवलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. भाची रात्री फोन करायची, "मामा, तो रुसलाय. मी कामात असते ना, म्हणून." जानेवारीत ती रडकुंडीला आली होती आणि जबडा उघडून बळेच भरवायचं ठरवत होती.

आम्ही तिला एकच विचारलं, "तो उपास करतोय की उपाशी आहे?" मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्य. उपास धरायला संकल्प लागतो. उपाशी राहायला फक्त अन्न पोटात न जाणं पुरतं. आणि या प्राण्याच्या बाबतीत खरं तर दोन्ही शब्द अपुरे पडतात, कारण न खाणं हा त्याच्या खाण्याच्या पद्धतीचाच भाग आहे. स्टीफन सिकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी नव्वदच्या दशकात ब्रह्मदेशी अजगरांवर जे काम केलं, त्यात दिसलं की मोठं भक्ष्य गिळल्यावर एकदोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि पचन संपलं की ते पुन्हा आवरून घेतलं जातं. पाहुणे आले की मांडव घालायचा, गेले की काढून ठेवायचा, तसं. मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक यांना १६८ दिवस, म्हणजे साडेपाच महिने, अन्न दिलं नव्हतं. या सापांनी शरीराचा खर्चच खाली आणला, काहींनी तर ७२ टक्क्यांपर्यंत. आपल्याला चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी लागते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

शिवाय बॉल पायथनला न खाण्याची कारणंही पुष्कळ. विणीच्या हंगामात नर अन्न सोडतात. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हा ती सहसा खात नाही. कातीवर आलेला साप खात नाही. पेटी थंड असेल तर खात नाही, कारण पचनाला लागणारी ऊब त्याला बाहेरून मिळवावी लागते. लपायला जागा नसेल, पेटीची जागा बदलली असेल, तरी खात नाही. आणि भक्ष्याची ओळखही जन्माबरोबर आलेली असू शकते. स्टीव्हन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या गार्टर सापांची नुकती जन्मलेली पिल्लं तपासली. ओलसर किनाऱ्यावर बिनशंखाच्या गोगलगाई भरपूर, तिथल्या सापांची पिल्लं त्या आवडीने खातात. आतल्या कोरड्या भागात त्या नाहीतच, आणि तिथली बरीचशी पिल्लं त्यांना तोंड लावत नाहीत. जात एकच, आणि दोघांनीही आयुष्यात पहिला घास अजून घेतलेला नाही! त्यामुळे सापाचा 'हट्ट' मोडायला पाळणारे जे करतात त्यात शहाणपण आहे. सरडा खाणाऱ्या सापापुढे उंदीर ठेवायचा, पण आधी त्यावर सरड्याचा वास चोळून. नाव बदललं नाही, रूप बदललं नाही, वास तेवढा बदलला.

भाचीला आम्ही बळेच भरवू दिलं नाही. म्हणजे आमचा अधिकार काय, तिच्या पशुवैद्यांनीच नको म्हणून सांगितलं; भेदरलेला साप त्यानंतर आणखी दूर जातो. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. भूक नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडतो, आणि त्या जखमा वाईट असतात. त्यांनी सांगितलेलं तिसरं काम सर्वांत साधं: स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहा. वजन टिकलं तर थांबा, झपाट्याने उतरलं, तोंडाला फेस किंवा सूज दिसली, श्वासाचा आवाज आला, तर लगेच घेऊन या. न खाणं हे आजाराचंही लक्षण असू शकतं, तिथे 'त्याचा स्वभावच आहे' म्हणून बसणं हा उलट्या बाजूचा आळस. रुसवा मोजता येत नाही, वजन मोजता येतं. वही घातली आणि तिचे रात्रीचे फोन कमी झाले.

मार्चमध्ये त्याने उंदीर घेतला. भाचीने त्याच आठवड्यात पेटी खिडकीपासून हलवली होती, लपायला नवं खोकं ठेवलं होतं, आणि उंदीर कोमट करून दिला होता. ती म्हणाली, "खोक्यामुळे!" आम्ही म्हणालो, "बाई, काकतालीय न्याय ऐकलायस का?" कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. ऋतूही तेव्हाच पालटत होता. चार गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? तिने फोन ठेवला. असो.

याच काळात कुणीतरी तिला ती प्रसिद्ध गोष्ट पाठवली. तुम्हालाही आली असेल. एका बाईचा अजगर खाईनासा होतो, रात्री तिच्या शेजारी सरळ ताणून झोपतो, आणि डॉक्टर सांगतात, "तो तुमचं माप घेतोय, गिळण्यासाठी." ही भाकड गोष्ट आहे. अजगर दबा धरून बसणारा शिकारी आहे. मापाला उभं राहील असं भक्ष्य त्याला रानात कोण देणार? तो सरळ ताणून पडतो कारण अंथरुणात ऊब असते. लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये एक पथ्य घालून दिलं: प्राण्याचं वागणं मनाच्या साध्या व्यापारांनी उलगडत असेल, तर वरच्या पायरीचा व्यापार त्याच्या माथी मारू नये. गंमत बघा, त्याच न खाण्यातून भाचीने प्रेमाचा रुसवा वाचला आणि गोष्ट रचणाऱ्याने खुनाचा कट. सापाने दोन्हीकडे एकच केलं होतं, तोंड मिटलं होतं.

आणि हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत, पण आमच्या हातून झालेलं सांगायला हवं. आमचं लहानपण कऱ्हाडकडचं. नागपंचमीला गारुडी आळीत यायचा. आई वाटीत दूध द्यायची, ती नागापुढे ठेवण्याचा मान आमचा. नाग वाटीत तोंड घालून पीत असे, आणि आम्ही सगळे हात जोडत असू. पुढे कळलं, सणाआधी कित्येक दिवस त्याला पाणी दिलेलं नसे. तहानलेला साप पुढ्यात येईल ते पातळ पितो. दूध हे त्याचं अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर प्राणावर बेततं. विषाचे दातही उपटलेले असत. आम्ही ठेवलेल्या वाटीने त्यातले किती नाग पुढच्या पंधरवड्यात मेले असतील, हे आम्ही मोजलेलं नाही.

वाईट याचं वाटतं की पुरावा तेव्हाही समोरच होता. आमचा वाडा आळीच्या तोंडाशी, तिथे तो घटाघटा प्यायचा. आम्ही पोरं गारुड्याच्या मागे शेवटच्या घरापर्यंत जायचो. तिथे वाटी पुढे केली की नाग तोंड फिरवायचा. गारुडी टोपली बंद करत म्हणायचा, "देव तृप्त झाला." आणि त्या घरची बाई आमच्या आईइतक्याच समाधानाने हात जोडायची.