विश्लेषण : जिवाणूंचा जिनोम वाचण्याचे करिअर कसे असते? मुरुडच्या विद्यार्थ्यांना वाट कुठून?

दापोली तालुक्यातील मुरुडच्या पोफळीच्या बागेत एक ग्रॅम माती उचलली, तरी तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतील बहुतेक प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. त्यांना ओळखायचे तर थेट डीएनए वाचावा लागतो. हे काम करणाऱ्या तरुण संशोधकाची सर्वांत मोठी लढाई वेळेशी असते. ती कशी?

उपयोग काय?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. ते खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. जिनोम वाचला की असे सूक्ष्मजीव ओळखता येतात. औषधांना न जुमानणारे जिवाणू पकडणे आणि साथीचा माग काढणे यासाठीही तो लागतो.

दिवस कसा जातो?

नमुना गोळा करणे, डीएनए वेगळा करणे हे काम काही दिवसांचे. खरा वेळ संगणकापुढे जातो. ई. कोलाय या जिवाणूच्या जिनोममध्ये सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. यंत्र ती तुकड्यातुकड्यांनी देते. तुकडे जुळवायचे संशोधकाने. बाहेरचा डीएनए मिसळला तर नमुना बाद. पावसाळ्यातील नमुना हुकला, तर थेट पुढचा पावसाळा.

पैसे किती मिळतात?

सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार, नंतर ४२ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता, असे दर १ जानेवारी २०२३ पासून आहेत. मुदत एकूण पाच वर्षे. रक्कम वेळेवर येत नाही, ही संशोधकांची जुनी तक्रार आहे. दोन पावसाळे वाया गेले तर पाच वर्षे कमी पडतात आणि शेवटचे महिने घरच्यांच्या आधारावर काढावे लागतात.

पीएचडीनंतर काय?

बहुतेकांना आधी कंत्राटी प्रकल्पात किंवा पोस्टडॉक म्हणून काम करावे लागते. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. मात्र लस, रोगनिदान आणि किण्वन उद्योगांत माहितीचे विश्लेषण येणाऱ्यांना संधी असते.

गावातून सुरुवात करता येते का?

होय. हजारो जिवाणूंचे जिनोम एनसीबीआयच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, ‘गॅलेक्सी’सारखी साधने ब्राउझरमध्येच चालतात. बीएस्सीला असतानाच लिनक्स आणि पायथॉन शिकावे. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. पुण्यात आघारकर संस्था आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. प्रवेश घेताना मार्गदर्शकाला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : सिक्वेन्सिंगचा खर्च कोण करणार, आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि शिष्यवृत्ती संपल्यावर सोय काय? संस्थेच्या नावाइतकीच ही उत्तरेही महत्त्वाची आहेत.