पेडण्याची राखीव जागा आणि नकाशे आखणारे यंत्र

गोव्याच्या चाळीस सदस्यांच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ एकच असून तो पेडण्याचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येत या जातींचे लोक २५,४४९ होते, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. त्या प्रमाणात चाळीस जागा वाटल्या तर एक पूर्ण जागाही वाट्याला येत नाही, अपूर्णांक पूर्णांकात नेला तेव्हा ती एक झाली. संख्येने लहान असलेल्या अशा समाजांचे राजकीय बळ कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे प्रचंड माहितीतून नमुने शोधून निष्कर्ष काढणाऱ्या संगणकप्रणालींनी, वाढू शकेल काय, हा प्रश्न त्यामुळे पेडणे-डिचोलीत निव्वळ तात्त्विक राहत नाही.

यंत्राला जी माहिती मिळते तिच्यापलीकडे ते पाहू शकत नाही, याचे बोलके उदाहरण गोव्याच्याच जनगणनेत आहे. २००१ मध्ये राज्यात अनुसूचित जमातींचे अवघे ५६६ लोक नोंदले गेले, तर २०११ मध्ये १,४९,२७५. माणसे तीच होती. मधल्या काळात, २००३ मध्ये, गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचीत समावेश झाला, एवढाच काय तो फरक. दहा टक्क्यांहून थोडे अधिक प्रमाण चाळीस जागांत चार जागांचे होते, तरीही मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरवण्याचे काम, म्हणजे परिसीमन, गोठलेले असल्याने २०२२ च्या निवडणुकीपर्यंत त्यांना एकही राखीव जागा मिळाली नाही, आणि ती वाट मोकळी करणारे विधेयक संसदेने संमत केले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. हा भागाकार शाळकरी मुलालाही जमला असता. अडले होते ते कायद्यापाशी. जमातींच्या यादीत येण्याची मागणी वर्षानुवर्षे करणाऱ्या धनगर-गवळी समाजाची तर, यादीबाहेर असेतोवर, जागांच्या या हिशेबात गणनाच होत नाही.

सीमा आखण्याच्या कामात मात्र संगणकाचा खरा उपयोग आहे, कारण तो हजारो पर्यायी नकाशे काढून एखादी वस्ती विनाकारण दोन मतदारसंघांत फोडली गेली आहे काय, हे दाखवू शकतो. तथापि अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या खटल्यात वंशाची माहिती न देता काढलेले असे नकाशेच तुलनेचा मापदंड मानावेत, हा राज्याचा युक्तिवाद तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. यंत्राला जात किंवा वंश दिसू दिला नाही म्हणून ते निःपक्षपाती होत नाही, कारण ज्या अन्यायाची तपासणी करायची तोच त्याच्या नजरेआड राहतो.

भाषेच्या बाबतीत अधिक आशा आहे. सरकारी कागद, विधानसभेतील प्रश्नोत्तरे आणि अर्थसंकल्पातील तरतुदी मराठीत वा कोकणीत सोप्या करून मिळाल्या, तर डिचोलीतील एखाद्या वाड्यावरचा पंच ग्रामसभेत अधिक नेमका प्रश्न विचारू शकेल. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतरप्रणाली त्याच दिशेची आहे. परंतु कोकणीचा लिखित साठा मराठीच्या तुलनेत लहान, आणि पेडण्याच्या बोलीचा त्याहूनही लहान असल्याने, ज्यांना या सोयीची सर्वाधिक गरज त्यांच्याच बोलण्यात यंत्र सर्वाधिक चुकण्याचा संभव आहे.

सर्वांत कमी चर्चा होते ती मताच्या गुप्ततेची. राखीव जागेवरही मतदान सर्वच जातींचे मतदार करतात, त्यामुळे पेडण्याच्या उमेदवाराला बहुसंख्यांची मते मिळवावीच लागतात, आणि निकाल मतदान केंद्रनिहाय जाहीर होत असल्याने कोणत्या वाड्याने कोणाला मत दिले याचा अंदाज आजही बांधता येतो. मतदार यादीतील आडनावे, जुने निकाल आणि योजनांच्या लाभार्थींच्या याद्या यंत्राने जोडल्या, तर मोजक्या घरांच्या वस्तीबाबतचा तो अंदाज जवळजवळ खात्रीत बदलेल, आणि नळजोडणी किंवा रस्ता कोणाला नाकारायचा हे ठरवणाऱ्याचे काम सोपे होईल. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरण्याची सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली होती आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात तिला पाठिंबाही दिला होता, पण सरकारने ती स्वीकारली नाही.