जुन्या रिमोटवर लॅपटॉपची गाणी
बंगळुरूत चिकपेटला लागून असलेल्या एस. पी. रोडवर सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथे ‘टीएसओपी १७३८’ हा तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर मागा. बहुतेक घरगुती रिमोटचा अदृश्य प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. रिसीव्हर नेमका तोच टिपतो आणि खोलीतला बाकीचा उजेड गाळून टाकतो. पायांचा क्रम मात्र मॉडेलगणिक बदलतो, तेव्हा डेटाशीट पाहिल्याशिवाय डाग देऊ नका. जोडीला आर्डुइनो लिओनार्डो हाच बोर्ड घ्या. प्रोग्राम घातला की लॅपटॉपला तो यूएसबी कीबोर्ड वाटतो आणि रिमोटच्या बटणाने स्पेसबार दाबल्यासारखं व्हीएलसी प्लेअरमधलं गाणं थांबतं. रिमोटच बिघडलाय अशी शंका आहे? मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबा. रिमोट ठीक असेल तर बहुधा त्याच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल.