घरचं चायनीज ओलं का होतं?

घरी केलेल्या फ्राइड राइसबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते: चव बरी आहे, पण पुलावासारखा झालाय. मग दोष सॉसला दिला जातो. पुढच्या वेळी सॉस जास्त पडतो आणि भात आणखी ओला होतो. माझं ठाम मत आहे की घरच्या चायनीजचा मोठा प्रश्न मसाल्यांचा नसून पाण्याचा आहे. नाक्यावरच्या गाडीवाल्याकडे हे पाणी उडवून लावणारा जाळ असतो. आपल्या शेगडीत तेवढी ताकद नसते, म्हणून पाणी आपण आधीच कमी करून ठेवायला हवं.

गाडीवरचा बर्नर घरच्या बर्नरपेक्षा कित्येक पट उष्णता देतो. कोबीला सुटलेलं पाणी तिथे लगेच वाफ होऊन जातं. उडालेले तेलाचे बारीक थेंब जाळात पेटतात आणि तो धुरकट वास भाताला लागतो. कँटोनी स्वयंपाकी ज्याला 'वोक हेई' म्हणतात, तो हाच. घरी चार माणसांचा भात आणि वाडगाभर भाज्या एकदम टाकल्या की कढई थंड पडते आणि भाज्या परतल्या न जाता वाफेवर शिजू लागतात. त्यामुळे एका वेळी एकाचा, फार तर दोघांचा भात परतावा. लोखंडी कढई हलका धूर येईपर्यंत तापवावी. नॉनस्टिक इतकं तापवू नये, त्याचा थर खराब होतो. सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडावा. त्यातलं पाणी तिथेच आटतं आणि सॉस थोडा करपून खमंग होतो.

भात शिळा घ्यायचं कारणही यातच आहे. शिजलेला भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दाणा कडक होतो आणि वरचा ओलावा निघून जातो. आपला फोडणीचा भातही त्यामुळेच आदल्या दिवशीच्या भाताचा चांगला लागतो. फक्त रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरू नका. शिजवूनही तग धरणारे जिवाणू अशा भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात ताटात पसरून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. वेळच नसेल तर बासमती वाटीला दीड वाटी पाण्यात शिजवून, परातीत पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवला तरी काम भागतं.

आपण ज्याची नक्कल करतोय ते गाडीवरचं चायनीज मुळात भारतातच घडलेलं आहे. चिनी लोक बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. पुढे कोलकात्याच्या टँग्रा भागात हाक्का चिनी कुटुंबांनी चामडं कमावण्याचे कारखाने काढले आणि त्याच वस्तीत खानावळी निघाल्या. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले. चिकन मंचुरियनची सुरुवात सांगितली जाते ती त्यांच्यापासून, 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला ओळखीचा पाया त्यांनी घेतला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉरने रस्सा दाट केला. म्हणजे हे सगळं घरी करताना आपण कुठल्याही परंपरेला धक्का लावत नाही.

व्हेज मंचुरियनचे गोळे तेलात फुटतात तेही पाण्यामुळेच. किसलेल्या कोबी-गाजराला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. मग मैदा आणि कॉर्नफ्लॉर गोळा वळण्यापुरतंच लागतं. पिळलेलं पाणी टाकू नका, ते रश्शात जातं. मात्र ते खारट असतं, म्हणून वरचं मीठ बेतानं घाला. कॉर्नफ्लॉर गार पाण्यातच कालवावं, कारण गरम पाण्यात बाहेरचा स्टार्च लगेच फुगतो आणि गुठळ्या होतात. ते घातल्यावर रस्सा एकदा नीट उकळू द्यावा, म्हणजे कच्ची चव जाते आणि चकाकी येते.

शेजवान चटणीला ब्याडगी आणि काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटाव्या. भरपूर बारीक चिरलेला लसूण आणि थोडं आलं तेलात मंद परतावं, त्यात वाटण घालून तेल सुटेपर्यंत हलवत राहावं. शेवटी व्हिनेगर, सोया, साखर, मीठ. खुद्द सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी असते, ती आपल्या शेजवानमध्ये बहुधा नसतेच. पण तिची जवळची नातलग कोकणात आणि गोव्यात घरोघरी आहे: बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ. दोन्ही झाडं एकाच वंशातली, झॅन्थोझायलम. दोन्हींचं टरफलच वापरतात, आतली काळी बी काढून टाकतात. तिरफळाचा वास जरा वेगळा, रानटी असतो. तरी चार-पाच टरफलं कोरडी भाजून, कुटून चटणीत घालून पाहा. विकतच्या बरणीत ही चव मिळत नाही.

अजिनोमोटोबद्दलची भीती मात्र सोडायला हरकत नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये त्याची चव देणारं ग्लुटामेट समुद्री शेवाळातून ओळखलं. टोमॅटोतही ते निसर्गतःच असतं. 1968 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून अजिनोमोटोची बदनामी सुरू झाली, पण नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा त्रास सातत्याने दिसला नाही. नको असेल तर घालू नका. आलं-लसूण खमंग परतलेलं असेल तर अडत नाही.

चायनीजसोबत मुलांची दुसरी फर्माईश बेकरीच्या खाऊची असते, आणि तिथे ओव्हन नसल्याचं कारण पुढे येतं. नानकटाईला ओव्हन लागतोच असं नाही. पूर्वी दिवाळीत घरून पीठ, तूप, साखर नेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणत. आता जाड बुडाची कढई पुरते. वाटीभर मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची आणि साधारण अर्धी वाटी थिजलेलं तूप. आधी तूप-साखर फिकी पडेपर्यंत फेसावी. पाणी किंवा दूध घालू नये. पाणी लागलं की मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि नानकटाई खुसखुशीत राहत नाही. गोळा वळत नसेल तर चमचाभर तूप वाढवावं.

कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा. कुकर वापरणार असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही आधी काढा, आत दाब कोंडण्याचा धोका पत्करू नका. तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून मांडा आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं ठेवा. कडा बदामी झाल्या की झालं. या वेळी नानकटाई हाताला मऊच लागते, म्हणून अनेक जण आणखी भाजतात आणि बूड करपतं. ती पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम भरली तर तिचीच वाफ झाकणाला धरते आणि सगळा डबा मऊ पडतो.