पंख्याची घाई

रात्रीची वेळ असावी. रस्त्यावरील रहदारी थांबलेली असावी, घरातील मंडळी निजलेली असावीत आणि अभ्यासासाठी जागणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने टेबलावरील संगणक सुरू करावा. दिवसा ज्याच्याकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते, तो पंख्याचा आवाज आता खोलीभर घुमू लागतो. त्याला कंटाळून कोणी संगणकाची पेटी कपाटात ठेवतो, तर कोणी तिच्यावर जाड कापड पांघरतो. थोडा वेळ बरे वाटते. पण काही वेळाने पाहावे, तो आवाज पूर्वीपेक्षाही वाढलेला! असे का व्हावे?

याचे उत्तर हवे असेल, तर पंखा तेथे कशासाठी बसविला आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणक जी वीज घेतो, तिचे अखेरीस जवळजवळ सर्वस्वी उष्णतेत रूपांतर होते. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या आतील सिलिकॉनची चकती टपालाच्या तिकिटाहून मोठी नसते; परंतु काम भरात असताना ती ६५ वॅट किंवा त्याहूनही अधिक उष्णता बाहेर टाकते. जुन्या ६० वॅटच्या पेटलेल्या दिव्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नसे. येथे तर तितकी उष्णता तिकिटाएवढ्या जागेत कोंडलेली असते! ती वाहून नेली नाही, तर प्रोसेसर तापून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. मग तो स्वतःच आपले काम मंदावतो आणि तरीही उष्णता वाढत गेली, तर संगणक एकाएकी बंद पडतो. विद्यार्थ्याने जतन न केलेला निबंधही त्याबरोबर नाहीसा होतो.

हा प्रसंग टाळण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांची जुडी बसविलेली असते. तिला हीटसिंक म्हणतात. दोहोंच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचा पातळ लेप असतो. कारण तेथे हवेची फट राहिली, तर उष्णता सहजासहजी पुढे जात नाही. पात्यांपर्यंत आलेली उष्णता पंख्याची हवा उचलते आणि पेटीबाहेर नेते. तापमान वाढले, की पंख्याची गती आपोआप वाढते. कपाटात मात्र बाहेर गेलेली तप्त हवाच पुन्हा आत येते. पंखा अधिकाधिक वेगाने धावतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

तेव्हा आवाज कमी करावयाचा, तर पंख्याची घाई कमी केली पाहिजे. येथे निसर्गाचा एक नियम आपल्या मदतीस येतो. पंख्याची गती निम्मी केली, तर त्यातून वाहणारी हवाही निम्मी होते. परंतु तो फिरविण्यास लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. कानाला तो जवळजवळ एक-तृतीयांशच वाटतो. याचाच अर्थ असा, की ८० मिलिमीटर व्यासाचा पंखा वेगाने फिरविण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरविणे शहाणपणाचे. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सव्वादोन पट असल्यामुळे तो धीम्या गतीनेही तेवढीच हवा देऊ शकतो.

अमेरिकेतील ॲपल कंपनीने २००३ साली पॉवर मॅक जी-५ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या आधीचे यंत्र आवाजामुळे टीकेचे धनी झाले होते. नव्या यंत्रात किती पंखे असावेत? एक नाही, दोन नाही, तर तब्बल ९! पेटीचे चार भाग करून प्रत्येक भागाची हवा वेगळी खेळविली होती आणि ज्या भागाला जेवढी गरज, तेवढ्याच गतीने तेथील पंखे फिरत. त्यामुळे हलके काम चालू असताना हे नऊ पंख्यांचे यंत्र आधीच्याहून पुष्कळच शांत असे. कामाची वाटणी नीट झाली, म्हणजे कोणालाच धावपळ करावी लागत नाही.

घरच्या संगणकासाठी मात्र नवे पंखे आणण्यापूर्वी पेटी उघडून पाहावी. पुष्कळदा पात्यांच्या फटींत धुळीचा जाड थर साचलेला आढळतो आणि हवेची वाटच बुजून गेलेली असते. संगणक बंद करून, विजेची तार काढून आणि वडीलधाऱ्यांना जवळ घेऊन मऊ ब्रशाने ही धूळ झाडावी. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पेटी भिंतीपासून दूर ठेवावी. पंख्याच्या कंपनाने पेटीचा पत्रा थरथरत असेल, तर स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या वापराव्यात. इतके करूनही विदर्भातील वैशाखात पंखा थोडा बोलणारच. कारण खोलीतील हवाच ४० अंशांवर गेली, तर तिने संगणकाला किती थंड करावे?

पंख्याचा आवाज ही आतील उष्णतेची तक्रार असते. तिच्यावर कापड पांघरून ती मिटत नाही. तिचे कारण शोधून दूर केले, म्हणजे पंखा आपोआप शांत होतो आणि विद्यार्थ्याचा निबंधही सुखरूप पुरा होतो.