साठीनंतर समुद्राच्या पोटात डोकावताना

नातीने मालवणहून पाठविलेले छायाचित्र आपण पुन्हा पुन्हा मोठे करून पाहता. निळसर पाणी, त्यात पिवळ्या अंगावर काळे पट्टे मिरविणाऱ्या माशांचा थवा, मागे प्रवाळांची अंधूक रांग. ‘मलाही एकदा खाली जाऊन हे पाहायचे आहे, जमले तर टिपायचेही आहे,’ असे आपण म्हणता आणि घरात क्षणभर शांतता पसरते. मुलगा म्हणतो, ‘आता या वयात?’ सून रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण करून देते. इच्छा खरी असते, तशी काळजीही खरी असते. या दोहोंची गाठ कशी घालावी, याचा विचार ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी एकत्र बसून करावा, यासाठी हा लेख.

केवळ वयाचा आकडा कोणाला समुद्राबाहेर ठेवत नाही. दुसऱ्या महायुद्धात सेवा बजावलेले रे वूली हे ब्रिटिश गृहस्थ 2018 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’ जहाजापर्यंत सुमारे 40 मीटर खोल उतरले होते. मात्र त्यांच्यामागे अनेक दशकांचा सराव होता, हे विसरू नये. त्यांच्याकडून घ्यायचा तो धडा साहसाचा नव्हे, तयारीचा.

पाण्याखाली प्रकाशाचे काय होते?

पाण्याखाली छायाचित्र घेण्याचा खटाटोप जुना आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी 1893 मध्ये भूमध्य समुद्रात अशी छायाचित्रे घेतली. 1943 च्या सुमारास जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा मागणीनुसार पुरविणारे उपकरण सिद्ध केले आणि माणूस पाण्याखाली मोकळेपणाने हिंडू लागला. या नळकांड्यात शुद्ध ऑक्सिजन असतो, असा अनेकांचा समज आहे. करमणुकीच्या डुबकीत बहुधा आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते.

पाणी सर्वप्रथम लाल रंग गिळते. चार-पाच मीटरवरच लाल मासा करडा दिसू लागतो आणि आणखी खाली सारे जग निळे-हिरवे होते. मुखवट्याच्या काचेतून वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ भासतात. म्हणून जाणकार छायाचित्रकार दोन नियम पाळतात: माशाला न बिथरवता शक्य तितके जवळ जावे, आणि दिवा कॅमेऱ्याला खेटून न धरता बाजूने धरावा. नाहीतर पाण्यातले तरंगते कण चमकून छायाचित्रावर पांढरे ठिपके उमटतात.

तिसरा नियम आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या डुबकीत कॅमेरा हाती घेऊ नये. पडद्यावर नजर खिळली की खोली, श्वास, सोबती, साऱ्याचेच भान सुटते. पाय मागे लाथाडले जातात आणि प्रवाळ मोडते. प्रवाळ वाढते फार संथपणे, मोडते मात्र एका ठोकरीत. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे, तो अशाच जीवांसाठी. पहिल्या वेळी छायाचित्रे प्रशिक्षकाला काढू द्यावीत आणि आपण फक्त पाहावे.

शरीराचे काय होते?

दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानांना तो जाणवतो. नाक चिमटीत धरून अलगद फुंकर मारली की दाब समान होतो. तो होत नसेल, तर जोर न करता वर येण्याची खूण करावी. सर्दी असताना डुबकी टाळावी. श्वास कधीही रोखून धरू नये. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात शिरताच पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. निरोगी तरुणाला हे कळतही नाही. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठाला मात्र क्वचित पाण्यातच धाप लागते, खोकला येतो, फुप्फुसात द्रव साचू लागतो. अशी धाप ही घाबरल्याची खूण समजून दुर्लक्षू नये. ताबडतोब प्रशिक्षकाच्या मदतीने वर यावे आणि पाण्याबाहेर पडावे.

श्रमाचा विचारही हवा. खाली तरंगणे सोपे, पण लाटांत हलणाऱ्या होडीच्या शिडीवर वजनासह चढणे अवघड. ‘साहित्य पाण्यातच उतरवून घ्याल का?’ असे आधीच विचारण्यात कमीपणा नाही. दोन जिने न थांबता चढताना छातीत भरून येत असेल, तर समुद्राआधी डॉक्टरांकडे जावे.

अर्ज घरी भरा

डुबकीपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, शस्त्रक्रिया, चालू औषधे असे प्रश्न तीत असतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी काही प्रश्न वेगळे असतात. खरी कसोटी येथे लागते. होडी तयार असते, कुटुंब वाट पाहत असते, पैसे भरलेले असतात. तीन वर्षांपूर्वी बसविलेल्या स्टेंटचा उल्लेख केला तर आपल्याला किनाऱ्यावर बसवतील, या भीतीने हात ‘नाही’वर खूण करतो. ही खूण प्रशिक्षकाला आंधळे करते. पाण्याखाली त्रास झाला, तर तो कशामुळे हे त्याला कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रश्नावली महिनाभर आधी मागवावी, घरी शांतपणे भरावी आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘पोहायला जाऊ का?’ असे मोघम विचारू नये. किती खोल जायचे, दाबाखालची हवा श्वासात घ्यायची, शिडी चढायची, हे स्पष्ट सांगावे. मोतीबिंदू, काचबिंदू वा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर संबंधित तज्ज्ञांचा स्वतंत्र सल्ला घ्यावा. दाताची कवळी सैल असेल तर तेही सांगावे, कारण श्वासाची नळी दातांतच धरायची असते. सहलीच्या दिवशी ठरलेली औषधे चुकवू नयेत. पुरेसे पाणी प्यावे आणि आदल्या रात्री पुरती झोप घ्यावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

डुबकीनंतरचे चोवीस तास आपली नजर सावध असू द्या. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, चक्कर, विलक्षण थकवा, त्वचेवर चट्टे ही रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याची लक्षणे असू शकतात. उथळ डुबकीत असे क्वचितच होते. परंतु ज्येष्ठांच्या बाबतीत धोका वेगळाच असतो. ‘गुडघे तर नेहमीच दुखतात’ असे म्हणून आपण ते वयाच्या खाती टाकतो. तसे करू नका. तातडीने रुग्णालयात जा आणि पहिल्याच वाक्यात ‘यांनी आज स्कूबा डुबकी घेतली होती’ असे सांगा. एका डुबकीनंतर किमान 12 तास, अनेक डुबक्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. परतताना घाट चढायचा असेल, तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगावे.

डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले तर?

तर समुद्र संपत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतील डबकी ही कोकण किनाऱ्याची छोटी मत्स्यालयेच आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटी अधिक खोलवर जाते. त्या वेळी समुद्रफुले, तारामासे, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, नशीब असेल तर इवलासा ऑक्टोपसही दिसतो. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाचे स्वयंसेवक अशा किनारफेऱ्या घेत आले आहेत.

येथे साधा मोबाइल पुरतो. तो किंचित तिरका धरावा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब पडत नाही. आपली सावली डबक्यावर पडू देऊ नये. पायांत पकड घट्ट असलेले बूट, हातात काठी आणि सोबतीला कोणीतरी असावे. शेवाळलेल्या खडकावर एक पाऊल घसरले, तर खुब्याचे हाड मोडू शकते. शंख उचलू नयेत, त्यांतील काही विषारी दंश करतात. पाणी परतू लागण्याआधी किनाऱ्याकडे वळावे.

संध्याकाळी ही छायाचित्रे सर्वांनी मिळून पाहावीत. नातीने मासा ओळखावा, आजोबांनी त्याचे कोकणी नाव सांगावे, आजींनी वहीत दिनांक व ठिकाण लिहावे. मग ते छायाचित्र सहा मीटर खोलीवर घेतलेले असो वा घोटाभर पाण्यात, पुढच्या ओहोटीची तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.