साडूभाऊंचा खड्डा आणि आमचे नटबोल्ट

गेल्या वर्षी मे महिन्यात ओक्लाहोमाहून आमच्या साडूभाऊंचा फोन आला. आवाजात मुलाची मुंज ठरल्यासारखा उत्साह. म्हणाले, "खड्डा तयार झाला. बघायला या!"

साडूभाऊ ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला मूर नावाच्या गावी राहतात. टोर्नेडोच्या बाबतीत या गावाचे नशीब खडतर. ३ मे १९९९ रोजी इथे जो टोर्नेडो आला त्यात ताशी ३०० मैलांच्या पुढचा वारा रडारने मोजला. माणसे गेली छत्तीस. २० मे २०१३ रोजी जवळपास त्याच पट्ट्यातून दुसरा गेला. त्यात चोवीस माणसे गेली, आणि त्यांतली सात प्लाझा टॉवर्स नावाच्या प्राथमिक शाळेतली मुले होती. (आपण मराठीत चक्रीवादळ म्हणतो ते समुद्रावरून येणारे. त्याची आणि याची गल्लत नको म्हणून मी टोर्नेडोच म्हणतो.)

तर सुट्टी काढून आम्ही सहकुटुंब खड्डा बघायला गेलो. गॅरेजमध्ये, गाडी उभी राहते तिथेच, जमिनीत पुरलेली पोलादी पेटी. वर सरकते झाकण, आत उतरायला चार पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना बाकडी. मेहुणीने आत पाण्याच्या बाटल्या, बॅटरीचा रेडिओ, मुलांची सायकलची हेल्मेटे आणि एक डबाभर चिवडा ठेवला होता. चिवडा दर महिन्याला बदलावा लागतो, कारण टोर्नेडो आला नाही तरी तो संपतो.

"तळघर का नाही बांधले?" मी विचारले. मग साडूभाऊंनी मला तासभर तिथल्या लाल चिकणमातीवर व्याख्यान दिले. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे तिकडे तळघरे थोडी, बहुतेक घरे सपाट काँक्रीटच्या स्लॅबवर. पोलादी पेटी पुरतानाही तिला काँक्रीटने नीट जखडावे लागते, नाहीतर जमिनीतले पाणी वाढले की रिकामा डबा हौदात वर येतो तशी ती वर येते. पेटी बसली की नगरपालिकेत नोंद करायची, म्हणजे वर ढिगारा पडला तर कुठे उकरायचे ते बचाव पथकाला कळते. हे ऐकल्यावर आमच्या सौ. पेटीत उतरल्या नाहीत त्या नाहीतच.

ज्यांना खड्डा नको ते घरातल्या एखाद्या कपाटाच्या किंवा बाथरूमच्या जागी मजबूत खोली बांधतात. हे शास्त्र मुख्यतः टेक्सास टेक विद्यापीठाचे. ११ मे १९७० रोजी त्यांच्याच लबक शहरात मोठा टोर्नेडो झाला आणि तिथल्या प्राध्यापकांनी पडझडीचा अभ्यास सुरू केला. अख्खे घर मोडले तरी मधली एखादी छोटी खोली उभी राहिलेली त्यांना दिसायची. मग तीच खोली मुद्दाम मजबूत का बांधू नये? त्यांच्या प्रयोगशाळेत एक तोफ आहे. ती पंधरा पौंडांचा लाकडी वासा ताशी १०० मैल वेगाने भिंतीवर फेकते. माणूस नुसत्या वाऱ्याने मरतो त्यापेक्षा वाऱ्यातून आलेल्या शेजाऱ्याच्या वाशाने मरतो, हे त्यामागचे गणित. भिंत या वाशाला बहुधा पुरते, दगा देते ते दार. म्हणून दार, चौकट, बिजागऱ्या आणि कड्या सगळे एकत्र तपासलेले घ्यावे लागते. पोलादी दार आणून साध्या चौकटीत ठोकले तर पैसे पाण्यात.

जेवताना साडूभाऊंनी सहज विचारले, "आणि तुमच्याकडे क्युपर्टिनोला काय तयारी?"

मी "आमच्याकडे हवा चांगली असते" असे काहीतरी बोललो. टोर्नेडोचे म्हणाल तर ४ मे १९९८ रोजी आमच्या शेजारच्या सनीवेलमध्येसुद्धा एक उतरला होता, पण तो अपवादच. आमचे भय पायाखालचे. सॅन अँड्रियास भेग आमच्या पश्चिमेच्या डोंगरातून जाते. मॉन्टा व्हिस्टा भेग तर क्युपर्टिनोच्या पायथ्याशीच आहे, आणि त्या नावाच्या शाळेत मुलांना घालता यावे म्हणून आपले लोक लाखो डॉलर जास्त मोजून घरे घेतात. शाळेचे गुण सगळ्यांना तोंडपाठ. भेगेचे नाव निघाले की विषय बदलतो. बे एरियात २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता भूगर्भ खात्याने ७२ टक्के वर्तवली आहे. इतक्या खात्रीचा शेअर असता तर आपण घर गहाण ठेवून घेतला असता.

मला हे विसरायचा खरे तर हक्क नव्हता. मी लातूरचा. १९९३ साली आठवीत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक संपवून लोक उशिरा झोपले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमचे लातूरचे घर विटांचे होते, तडे गेले पण उभे राहिले. आजोळ मात्र किल्लारीच्या बाजूला. तिथे दगडमातीचा जुना वाडा होता, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात थंडगार. त्या भिंतींचा मामाला कोण अभिमान! आदल्या वर्षी त्या भागात धक्के बसले तेव्हा लोक काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून परत आत गेले. त्या रात्री मामा-मामी आणि मुले अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपली होती म्हणून वाचली. आजी आत माजघरात होती.

वाडा का पडला हे मला इंजिनिअर झाल्यावर कळले. ती जाड भिंत एक नव्हतीच. आत एक दगडी पापुद्रा, बाहेर एक, आणि मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पापुद्र्यांना आरपार बांधणारे लांब दगडच नाहीत. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून फुटून सुटतात आणि माळवदाची एक-दोन फूट माती लाकडांसकट खाली येते. भूकंप ६.२ ते ६.४ रिश्टरचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. माणसे गेली जवळजवळ दहा हजार. पुढे दुरुस्तीच्या कामांत काय केले? भिंतीत आरपार दगड बसवले, माळवदावरची माती कमी केली, भिंतींभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवला. तंत्र म्हणून बघाल तर फार मोठे काही नाही. सुटे होते ते एकमेकांना बांधले, इतकेच.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी बॉयलर सूट घालून मी घराखाली शिरलो. आमचे घर १९५८ सालचे. क्युपर्टिनोतली त्या काळातली काही घरे स्लॅबवर आहेत (फेअरग्रोव्हमधली आयकलर घरे तशी), पण आमचे जमिनीपासून उचललेले. काँक्रीटचा पाया, त्यावर आडवे पडलेले लाकूड, ज्याला इथे मडसिल म्हणतात, त्यावर दीड-दोन फुटांची ठेंगणी लाकडी भिंत आणि त्यावर सगळे घर. पाया आणि मडसिल यांना बोल्टने बांधायचे असते. टॉर्च मारून बघतो तर बोल्ट होते, पण लांब लांब अंतरावर, आणि चार ठिकाणी बोल्टवर नटच नव्हता! १९८९ चा लोमा प्रिएटा या घराने असाच काढला होता. तो १७ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी झाला, ६.९ चा, त्रेसष्ट माणसे गेली. त्याचे केंद्र सांताक्रूझच्या डोंगरात होते म्हणून आमच्या घराचे निभावले असावे.

दुसरा दोष त्या ठेंगण्या भिंतीचा. काडेपेटीचे नुसते बाहेरचे कव्हर हातात घ्या आणि वरून बाजूला ढकला. ते कलते आणि चपटे होते. आतून त्याला एक पुठ्ठा चिकटवा, मग हलत नाही. ठेंगणी भिंत म्हणजे ते कव्हर आणि आतून ठोकलेले प्लायवूड म्हणजे पुठ्ठा. ते नसेल तर भूकंपात घर दोन फूट बाजूला सरकून खाली बसते, गॅसची नळी तुटते, आणि उरलेले काम आग करते.

आम्ही कंत्राटदार नेमला, परमिट काढले. त्याचे काम चकाचक दिसत होते, पण मला खोट काढायची सवय. मडसिल सहा इंची, वरचे खांब चार इंची. त्यामुळे खांबांवर ठोकलेले प्लायवूड मडसिलच्या नुसते वर अधांतरी होते, त्याला एकही खिळा नाही. अशा वेळी खांबांच्या मधे मडसिलवर ठोकळे बसवायचे आणि प्लायवूडची खालची कड त्या ठोकळ्यांना ठोकायची असते. माझ्या डोळ्यांपुढे आजोळची भिंत आली. इथेही दोन सुटे पापुद्रे! कंत्राटदार म्हणाला, "सगळे असेच करतात." हे वाक्य मी लातूरपासून ऐकत आलो आहे. त्याचा हिशेब पुरा केला आणि पुढचे पाच शनिवार मंडळातल्या एका मित्राबरोबर स्वतः घराखाली काढले. काँक्रीटला भोके पाडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते, मास्क चांगला घ्या. प्लायवूडला हवेची भोके ठेवायला विसरू नका, नाहीतर भूकंपाआधी घर कुजेल. १९८० पूर्वीच्या अशा घरांना राज्यातर्फे अनुदान मिळते, मात्र ते झिप कोडवर ठरते आणि अर्ज ठरावीक काळातच घेतात. तुमचे घर बसते का ते बघा. पाण्याचा हीटर भिंतीला वर आणि खाली दोन पट्ट्यांनी बांधणे कायद्यानेच सक्तीचे आहे. ते तरी आजच बघा, अर्ध्या तासाचे काम आहे.

साडूभाऊंचा आणि आमचा खरा फरक वेळेचा. त्यांना बहुधा काही मिनिटे आधी भोंगा मिळतो, तेवढ्यात चिवड्यासकट खड्ड्यात उतरता येते. आम्हाला मायशेक नावाच्या ॲपने फार तर काही सेकंद मिळतील, केंद्र जवळ असेल तर तेही नाही. पळून जायची खोली बांधून आमचा उपयोग नाही. जिथे झोपलो आहोत तीच खोली उभी राहायला हवी.

यावरूनच माझा आणि आईचा वाद. ती उन्हाळ्यात आमच्याकडे येते आणि १९९३ पासून उशाशी टॉर्च आणि चपला घेऊन झोपते. (इथले तज्ज्ञही पलंगाखाली बूट ठेवायला सांगतात, फुटलेल्या काचांसाठी. त्या बाबतीत आई त्यांच्या पुढे आहे.) पण हलले की बाहेर पळायचे, हा तिचा मंत्र. मी समजावले की इथे घर लाकडी आणि हलके आहे, बाहेर धावताना कौले आणि विटांची चिमणी डोक्यात पडेल. टेबलाखाली बसायचे, डोके झाकायचे, पाय धरायचा. दाराच्या चौकटीत उभे राहायचा सल्लाही आता जुना झाला. नातीने शाळेत केलेली कवायत करून दाखवली. आई जेवणाच्या टेबलाखाली वाकून बघत म्हणाली, "माझे गुडघे आत जातील, बाहेर कोण काढणार?" शेवटी तिच्यासाठी वेगळे ठरले: पलंगावरच राहायचे आणि उशी डोक्यावर घ्यायची. पलंगावरची जड तसबीर मी त्याच दिवशी उतरवली.

शेवटच्या शनिवारी मी घराखाली होतो आणि आई झरोक्यापाशी खुर्ची टाकून बसली होती, माझ्यावर लक्ष ठेवायला.

"किती झाले?" तिने वरून विचारले.

"एकतीस."

"सगळे?"

"नाही. भट्टीच्या नळाड्यामागचा कोपरा राहिलाय, तिथे हात जात नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या कोपऱ्यावर कोणाची खोली आहे?"

तिचीच होती. ती परत जायच्या आत मी नळाडे सोडवून घेतले.